ड्रॉइंगवर नुसतं ‘एसएस’ नको

(रत्नागिरीतल्या लघुउद्योजकांसमोर आणि आयटीआयच्या मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, ग्राहक ड्रॉइंगवर नुसतं ‘एसएस’, म्हणजे स्टेनलेस स्टील, एवढंच लिहितो आणि आपण न विचारता काम घेतो. माझी आज एकच विनंती आहे. भाग कुठे बसणार आणि त्याला काय लागणार, हे कळल्याशिवाय धातूचा बार कापू नका.

एसएसचे नंबरानुसार प्रकार असतात: २०२ हाही एसएस, ३०४ आणि ३१६ हेही एसएस. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. स्वस्त पडतं, पण आपल्या मिरकरवाडा बंदराच्या खाऱ्या वाऱ्यात त्यावर लवकर तपकिरी डाग येतात. चुंबक चिकटत नाही म्हणजे माल चांगला, असं दुकानदार सांगतो. या तिन्हींना चुंबक सहसा चिकटतच नाही! टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यात मॉलिब्डेनम या धातूचं प्रमाण बघा. ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं आणि मिठापुढे तेच टिकाव धरतं. तरी बेफिकीर राहू नका. स्टेनलेसवरचा अदृश्य थर ऑक्सिजनवर टिकतो. वॉशरखाली समुद्राचं पाणी अडकून राहिलं की तिथला ऑक्सिजन संपतो, आणि बाहेरून चकचकीत दिसणारा बोल्ट आतून पोखरलेला निघतो.

लेथवर मात्र स्टेनलेसला पितळेसारखं सुख नाही. फ्री-कटिंग पितळेत साधारण ३ टक्के शिसं असतं, म्हणून चिप, म्हणजे कापताना निघणारा कीस, बारीक तुटते आणि टूल टिकतं. कीस भंगारात चांगल्या भावाने जातो, तेव्हा नुसत्या बारच्या दरावरून पितळ महाग ठरवू नका. ३०४ ची चिप लांबच लांब निघून टूलला गुंडाळते, फीड, म्हणजे टूल पुढे सरकवण्याचा वेग, रेंगाळला की पृष्ठभाग कडक होतो. घरातल्या वायरिंगचं टर्मिनल असेल, तर मी डोळे मिटून पितळ घेईन.

पण तेच पितळ बोटीच्या सी-कॉकला, म्हणजे तळाशी समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या-रोखणाऱ्या व्हॉल्व्हला, लावलंत तर खारं पाणी त्यातलं जस्त ओढून घेतं. आकार तोच, आटे तेच, रंग तेवढा गुलाबीसर. उरतं ते सच्छिद्र तांबं. पान्याने जोर दिला की तुकडा हातात येतो. हे फिटिंग पाण्याखाली असतं, त्यावर माणसांचे जीव असतात. सुमारे १ टक्का कथील असलेलं नेव्हल पितळ जास्त तग धरतं, तरी मी तिथे ब्राँझच (तांबं-कथलाचा मिश्रधातू) सांगतो.

पितळेचा दुसरा वैरी अमोनिया. घडवताना आत ताण राहिलेलं पितळ त्याने चिरतं. ब्रिटिशांच्या काळी हिंदुस्थानात फौजेच्या काडतुसांची पितळी कवचं पावसाळ्यात अशीच तडकत. आपले बर्फाचे कारखाने अमोनियावर चालतात, त्या लाइनवर पितळी व्हॉल्व्ह बसवू नका.

आता आगळाचं, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचं. कोकमाची आंबटाई आणि वर मीठ! पितळेतलं तांबं आणि शिसं आगळात उतरेल, ३०४ ला बारीक खड्डे पडतील. टाकीच्या नळाला ३१६एल (३१६ चाच कमी कार्बनचा प्रकार) द्या आणि हंगाम संपल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, गॅस्केट काढून, कोरडा करून ठेवायला सांगा.