'येस सर' म्हणजे नक्की काय?

नमस्कार मंडळी! चाकणच्या एका छोट्या कारखान्यात मी काही वर्षं काम केलं. आमचं गिऱ्हाईक जर्मन. एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांच्या इंजिनिअरने विचारलं, "शुक्रवारपर्यंत माल निघेल?" आमच्या सुपरवायझरांनी मान डोलावली आणि म्हणाले, "येस सर, वुई विल ट्राय."

तुम्हाला-मला लगेच कळतं, शुक्रवारी माल निघत नाही. पाहुण्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून आलेला तो 'येस' होता. पण समोरच्याने तो शब्दशः घेतला आणि विमानात मालासाठी जागा बुक केली. माल गेला नाही. नंतर फोनवर तो एवढंच म्हणाला, "आधी नाही म्हणाला असतात, तर मी दुसरी सोय केली असती."

आमचे सुपरवायझर खोटं बोलले नव्हते, हे मला आजही ठामपणे सांगावंसं वाटतं. त्यांनी मान राखला होता. जर्मन माणसाच्या लेखी मात्र वेळेवर दिलेला नकार हाच मान.

आता मोठं उदाहरण बघू. २००४ साली टाटा मोटर्सने दक्षिण कोरियातल्या गुनसानची देवू कमर्शिअल व्हेइकल ही ट्रक कंपनी घेतली. किंमत साधारण १० कोटी २० लाख डॉलर. गुनसान हे बंदराचं गाव. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य होतं, तेव्हा तिथला तांदूळ याच बंदरातून जपानला जायचा. शिवाय देवू समूह नुकताच कोसळलेला. अशा गावात परका मालक येतो म्हटल्यावर कामगारांच्या पोटात गोळा येणारच ना?

टाटांनी काय केलं? आपली माहितीपत्रकं कोरियन भाषेत करून घेतली. कामगार संघटनेला भेटले, शहराच्या महापौरांना भेटले. कंपनी ताब्यात आल्यावर वरच्या खुर्चीत कोरियन माणूसच ठेवला. आणि नाव? टाटा देवू. 'देवू' पुसलं नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, कारण त्या नावात तिथल्या माणसांची उमेदीची वर्षं होती. पुढे त्यांचाच नोवस ट्रक टाटांनी भारतातही आणला.

याच्या उलट वॉलमार्ट, ही अमेरिकेतली दुकानांची मोठी साखळी. १९९७ मध्ये ते जर्मनीत गेले आणि अमेरिकेतल्या सवयी सोबत घेऊन गेले. कर्मचाऱ्यांनी कंपनीचा जयघोष करायचा, गिऱ्हाईक दिसलं की हसायचं, सामान पिशवीत भरून द्यायचं. जर्मन गिऱ्हाइकाला हे अवघडल्यासारखं व्हायचं. अनोळखी माणूस आपल्याकडे बघून हसतोय कशाला? तोट्याची कारणं आणखीही होती, तिथल्या स्वस्त दुकानांची स्पर्धा जबरदस्त होती. पण २००६ मध्ये ८५ दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून ते परतले.

आमच्या कारखान्यात पुढे काय झालं, ते सांगतो. त्या जर्मन इंजिनिअरने प्रश्नच बदलला. "माल निघेल का?" हे विचारणं त्याने सोडलं. तो विचारायचा, "उशीर झालाच, तर कशामुळे होईल?" मग आमचे सुपरवायझर मोकळेपणाने बोलायचे. पावडर कोटिंगवाल्याकडची रांग, गुरुवारी जाणारी लाइट, गावच्या जत्रेला निघालेली पोरं, सगळं. तो पलीकडे वहीत एकेक लिहून घ्यायचा आणि शेवटी दोघं मिळून तारीख ठरवायचे.