रिपोर्टच्या तळाची ओळ

(सीटी स्कॅनची खोली)

"श्वास आत घ्या. धरून ठेवा."

मशीनमधला आवाज सांगतो, टेबल गोल कड्यातून आत सरकतं. काही सेकंदच. "आता सोडा."

काका आले होते हृदयाच्या तपासणीसाठी. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम किती साचलंय ते पाहायचं होतं. त्या चित्रात फुफ्फुसांचा खालचा भागही आला, आणि रिपोर्टच्या तळाशी फुफ्फुसांतल्या सावलीबद्दल एक ओळ छापली गेली. काकांना खोकला नाही, धाप नाही. काकांनी फाइल कपाटात ठेवून दिली होती. ती बाहेर काढली मुलीने.

पडद्यावर बघा. काळं दिसतंय ती हवा. पाठीच्या बाजूला, बरगड्यांना लागून, धुरकट काचेसारखा पट्टा आहे आणि त्यात बारीक रेघांचं जाळं. फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या फुग्यांमधल्या पातळ पडद्यात झालेला हा बदल. डॉक्टर त्याला आयएलए म्हणतात, इंटरस्टिशियल लंग अ‍ॅबनॉर्मॅलिटी.

आता काकांना पालथं झोपवतात. हा भाग आम्ही चित्रफितीतून कापलेला नाही. उताणं झोपलं की वजनाने पाठीकडचं फुफ्फुस दबतं आणि फसवी सावली पडते. पालथं झालं की ती विरते.

काकांची विरली नाही.

(जुनी छायाचित्रं)

हे अमेरिकेतलं फ्रॅमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स. हृदयविकार का होतो हे कळावं म्हणून 1948 पासून हे गाव स्वतःला तपासून घेतंय. आधी 5,209 माणसं, मग त्यांची मुलं, मग नातवंडं. या मुला-नातवंडांच्या छातीचे सीटी पुढे फुफ्फुसांसाठी बारकाईने वाचले गेले. 2,633 जणांपैकी 177 जणांत अशा सावल्या निघाल्या. शंभरात सात! आइसलँडच्या रेक्याविकमधल्या वृद्धांतही प्रमाण तेवढंच. तिथे सुमारे नऊ वर्षांत सावली असलेल्यांपैकी 56 टक्के माणसं गेली, नसलेल्यांपैकी 33 टक्के.

(फुफ्फुसांच्या चाचणीची खोली)

"जोरात, काका! अजून, अजून, अजून… थांबू नका!"

नाकाला चिमटा, तोंडात नळी, चेहरा लाल. चाचणी घेणाऱ्या ताई स्वतःच फुंकतायत असं वाटावं इतक्या ओरडतात. आतली हवा संपेपर्यंत फुंकर टिकायला हवी, आणि असं निदान तीनदा. मग दुसरी चाचणी: श्वास दहा सेकंद रोखायचा, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू किती उतरतो ते कळतं.

काकांचे आकडे नॉर्मल आले. इथेच बहुतेक जण फाइल मिटतात. पण वयाबरोबर फुंकर सगळ्यांचीच उतरते. काकांची जास्त वेगाने उतरतेय का, हे एका आकड्यावरून कळणारच नाही. म्हणून धोका जास्त वाटला तर तीन ते बारा महिन्यांत पुन्हा फुंकायचं, वर्ष-दोन वर्षांत पुन्हा सीटी. सगळ्यांचंच वाढत नाही. काहींचं फुफ्फुस मात्र कायमचं कडक होत जातं. सिगारेट, दगडाची धूळ, कबुतरांची विष्ठा, यांपासून लांब राहायचं ते आजपासूनच.

(कॉरिडॉर)

तीस मीटर जायचं, तीस मीटर यायचं, सहा मिनिटं. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. काका भरभर चालतायत. मुलगी भिंतीला टेकून उभी आहे, हातात तीच फाइल.

"काका, पळायचं नाही हं," ताई म्हणतात. "आपल्या चालीने चाला."