चहूकडे समुद्र, तरी बोट का जळते?

नमस्कार मंडळी! नगरपरिषदेच्या दारात नवा बंब आला की नारळ फुटतो, हार पडतो. पडायलाच हवा. पण आज मला त्या बंबाचा हा जाड, कडक पाइप दाखवायचाय. टोकाला जाळी आहे, बघा. हा सक्शन होज. विहीर, तळं, खाडी, जिथे पाणी असेल तिथून ते घ्यायचं ते यानेच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अलिबागजवळ अक्षीच्या समुद्रात मासेमारी बोट पेटली. खलाशी वाचले, हे मोठं भाग्य. पण चहूबाजूंनी पाणी असताना बोट जळावी?

पंप पाणी खेचतो असं आपण म्हणतो. खरं तर पंप पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हिशेबाने फार तर १० मीटर, प्रत्यक्षात ७ च्या आसपास. भरतीला जेटीवर उभ्या बंबाला हे जमून जातं. ओहोटी लागली की पाणी खाली जातं, जाळीत गाळ आणि प्लास्टिक अडकतं, पंप हवा धरतो आणि धार तुटते. आणि बोट आत समुद्रात असेल तर बंब किनाऱ्यावरून बघतच राहणार.

म्हणून अग्निशमन बोट हवी. तिचा पंप पाण्याच्या पातळीलाच असतो, पाणी बोटीच्या तळाकडूनच घेतो. डेकवर मॉनिटर, म्हणजे पाण्याची फिरती तोफ. पण त्या बोटीवर फोम आहे का, ते आधी विचारा. मच्छीमार बोटीत डिझेल, गॅसचा सिलिंडर, नायलॉनची जाळी, वर फायबरचं अंग. डिझेल पाण्यावर तरंगतं, तरंगत तरंगत जळत राहतं. फोम त्यावर साय धरतो, हवा तोडतो. नुसतं पाणी ओतत राहिलात तर बोट कलंडायची भीती वेगळीच.

गावातल्या पाखाडीत मोठा बंब शिरतच नाही. तिथे छोटी गाडी आणि बारीक तुषार मारणारा पंप बरा. १ लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते, आणि वाफ होताना पाणी उष्णता शोषतं.

आणि हो, खारं पाणी वापरलं की पंप गोड्या पाण्याने धुवायलाच हवा. नाहीतर नवी कोरी गाडी मीठ खाऊन टाकतं.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या आठवड्यात आपल्या केंद्रात जा, जवानांना भेटा आणि विनंती करा: ओहोटीच्या वेळी, जेटीवर, सक्शन लावून दाखवाल का?