तोस्कानातलं जुनं घर घेण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

इटलीच्या तोस्काना प्रांतातल्या टेकड्या, सायप्रस वृक्षांच्या रांगा आणि मधोमध एकटंच उभं दगडी घर, हे चित्र कॅलेंडरवर आपण सगळ्यांनीच पाहिलंय. ते घर आपलं असावं असं वाटतं. आपल्यातली काही मंडळी तसा प्रयत्नही करतात, म्हणून आज हा विषय घेतलाय.

आधी ते घर कुणाचं होतं ते बघू. जमीनदाराची जमीन अर्ध्या वाट्यानं कसणारी कुळं त्यात राहायची. खाली बैलांचा गोठा, वर राहण्याच्या खोल्या आणि चुलीचं मोठं स्वयंपाकघर, बाहेरून चढणारा दगडी जिना. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबं कारखान्यांच्या वाटेनं शहरात गेली. 1964 साली कायद्यानं अर्धेलीचे नवे करार बंद केले. घरं ओस पडली आणि इंग्रज, जर्मन माणसांनी ती विकत घेतली.

आता आपलं. इटलीत परस्परतेचा नियम आहे: तुमच्या देशात इटालियन माणसाला घर घेता येत असेल, तर तुम्हाला तिथे घेता येईल. भारताबाहेर राहणाऱ्या, भारतीय वंशाच्या नसलेल्या परकीय नागरिकाला आपल्याकडे स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर, इटलीचा निवास परवाना नसताना जो जाईल, त्याची गाडी इथेच अडू शकते. नोकरीसाठी किंवा कुटुंबासोबत राहण्याचा परवाना असेल, तर ही अट आड येत नाही. घरं बघत हिंडण्याआधी तिथल्या नोतायोकडून याचं लेखी उत्तर घ्या. नोतायो म्हणजे आपल्याकडचा शिक्का मारणारा नोटरी नव्हे. तो सरकारनं नेमलेला कायदेपंडित असतो, आणि त्याच्यासमोर झाल्याशिवाय खरेदीखत पुरं होत नाही.

घराबरोबर ऑलिव्हची बाग येत असेल, तर शेजारच्या शेतकऱ्याकडे नीट लक्ष द्या. आपल्या महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही. तिथे घेता येते, पण बांधाला लागून स्वतः कसणारा शेतकरी असेल, तर त्याच किमतीला पहिला हक्क त्याचा. त्याला रीतसर कळवावं लागतं आणि 30 दिवस थांबावं लागतं. कळवलंच नाही, तर खरेदीची नोंद झाल्यापासून वर्षभरात तो तीच किंमत मोजून जमीन तुमच्याकडून सोडवून घेऊ शकतो. मला हा कायदा फार न्याय्य वाटतो. ज्यानं माती सांभाळली, त्याला आधी विचारायला नको का?

वास्तू वारसा म्हणून घोषित असेल, तर तसाच हक्क सरकारलाही आहे. कळवल्यापासून 60 दिवस.

पैशांचा क्रम आपल्यासारखाच: इसार, साठेखत, खरेदीखत. तुम्ही माघार घेतलीत तर इसार बुडाला, विकणारा फिरला तर त्यानं दुप्पट द्यायचा. खाजगी मालकाकडून दुसरं, म्हणजे कायम वास्तव्यासाठी नसलेलं घर घेताना नोंदणीकर 9 टक्के पडतो. तो बहुधा सरकारदरबारी नोंदलेल्या मूल्यावर लागतो, आणि ते बाजारभावापेक्षा सहसा बरंच कमी असतं. भारतातून पैसे पाठवणार असाल, तर एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर ही मर्यादा आहे.

आणि नकाशा! नोतायो कागद तपासतो, भिंती मोजायला जात नाही. कागदावर अजून गोठा, आणि प्रत्यक्षात तिथे फरशी घातलेली बैठकीची खोली, जुना दरवाजा बुजवून नवी खिडकी, असं या घरांमध्ये होतं. विनापरवाना केलेला बदल पुढे नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. म्हणून स्वतःचा जेओमेत्रा, म्हणजे तिथला मोजणी आणि बांधकाम परवानग्यांचा जाणकार नेमा. त्याला घरात उभं राहून नकाशा पडताळू द्या. त्याचा लेखी अहवाल हाती येईपर्यंत इसाराचा एक युरोही देऊ नका.

नमस्कार.