वाघाच्या माथी मारलेलं पाप

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'जहाजबुडीची कादंबरी: जगण्याची धडपड आणि माणसातलं जनावर'. कादंबरी म्हणजे यान मार्टेल यांची 'लाइफ ऑफ पाय'. 2001 साली आली, 2002 मध्ये तिला बुकर मिळालं. पुस्तक वाचलंय त्यांनी जरा हात वर करा बघू. छान. आणि 2012 चा सिनेमा पाहिलाय त्यांनी? हां, आता कसं सगळं सभागृह जागं झालं!

म्हणजे गोष्ट सांगत बसायला नको. पाँडिचेरीचा पाय पटेल, त्याच्या वडिलांचं प्राणिसंग्रहालय, 1977 मध्ये पॅसिफिक महासागरात बुडालेलं जपानी जहाज, आणि लाइफबोटीत 227 दिवस पाय आणि रिचर्ड पार्कर नावाचा बंगाली वाघ. शेवटी चौकशीला आलेल्या जपानी अधिकाऱ्यांना वाघाची गोष्ट पटत नाही, तेव्हा पाय त्यांना दुसरी सांगतो. तिच्यात प्राणी नाहीत. तरस म्हणजे जहाजावरचा आचारी, तंगडी मोडलेला झेब्रा म्हणजे जखमी खलाशी, ओरांगउटान म्हणजे पायची आई आणि वाघ म्हणजे पाय स्वतः.

इथवर सगळ्यांचं एकमत असतं. या पुस्तकावरच्या ज्या चर्चा मी ऐकल्या, त्यातल्या बहुतेक पुढे एकाच घाटावर जाऊन थांबतात: माणूस मुळात जनावर, पोटात आग पडली की सगळं सोंग गळून पडतं. आणि मग कुणीतरी बिरबलाची माकडीण काढतंच.

त्या माकडिणीबद्दल मला आज बोलायचंच आहे. हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू, पाणी चढत जातं, ती पिल्लाला आधी कडेवर घेते, मग डोक्यावर घेते, आणि पाणी नाकाशी आलं की पिल्लाला पायाखाली घालून त्याच्यावर उभी राहते. आपल्या सगळ्यांना ही गोष्ट शाळेच्या वयात ऐकवलेली आहे, आणि ऐकवणारा प्रत्येक जण शेवटी 'पाहिलंस?' असं म्हणतो. माझा या गोष्टीवर जुना राग आहे. माकडीण काही आपणहून हौदात उतरली नव्हती. तिला पिल्लासकट आत सोडणारी माणसं, पाणी सोडा म्हणणारी माणसं, काठावर उभं राहून बघणारी माणसं आणि वर तात्पर्य काढणारीही माणसंच. आणि निर्दय कोण ठरलं? तर ती बिचारी माकडीण. या गोष्टीतली खरी क्रूर मंडळी कोरडी उभी आहेत, आणि इतक्या पिढ्यांत कुणी त्यांच्याकडे बोट दाखवत नाही.

आता वाघाच्या नावाकडे येतो. कादंबरीत ते कारकुनाच्या गफलतीतून येतं. शिकाऱ्याचं नाव रिचर्ड पार्कर, बछड्याचं नाव तहानलेला. कागदावर दोन्हींची अदलाबदल झाली. पण मार्टेलनी हे नाव हवेतून आणलेलं नाही. एडगर अॅलन पो यांच्या 1838 च्या आर्थर गॉर्डन पिमवरच्या कादंबरीत फुटक्या जहाजावर उपाशी चौघे, कुणाला मारून खायचं हे ठरवायला, चिठ्ठ्या टाकतात. ही कल्पना काढतो तो रिचर्ड पार्कर, आणि चिठ्ठी निघते त्याच्याच नावाची. (त्याच पुस्तकात पिमच्या कुत्र्याचं नाव टायगर आहे!)

आणि पुढे हे खरोखर घडलं. 1884 च्या मे महिन्यात 'मिन्योनेट' नावाची छोटी शिडाची नौका इंग्लंडहून सिडनीला निघाली. वर चौघे: कप्तान टॉम डडली, स्टीफन्स, ब्रूक्स आणि सतरा वर्षांचा पोरगा रिचर्ड पार्कर. 5 जुलैला नौका बुडाली. केप ऑफ गुड होपपासून सोळाशे मैलांवर एक उघडी होडी, सलगमचे दोन डबे आणि गोडं पाणी अजिबात नाही. चौथ्या दिवशी एक कासव मिळालं. पाऊस आला की मेणकापडाचे कोट पसरून धरायचे, हाती लागेल तेवढं प्यायचं. अठराव्या दिवसापर्यंत सात दिवस अन्न नाही आणि पाच दिवस पाणी नाही, अशी वेळ आली. पोरगा समुद्राचं पाणी पिऊन आजारी पडला होता.

आता इथे नीट ऐका, कारण माझा सगळा मुद्दा इथे आहे. या होडीत कुणी कुणावर झडप घातली नाही. चर्चा झाली. डडलीने चिठ्ठ्यांचं काढलं, ब्रूक्स नको म्हणाला. पोराला कुणी विचारलं नाही. मग डडली आणि स्टीफन्स बोलले की आपल्याला बायकामुलं आहेत. पार्कर अनाथ होता. उद्या सकाळपर्यंत जहाज दिसलं नाही तर करायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी डडलीने आधी प्रार्थना केली, देवाची क्षमा मागितली, पोराला सांगितलं की तुझी वेळ आली, आणि चाकू चालवला. खाल्लं तिघांनीही, ब्रूक्सनेसुद्धा. चौथ्या दिवशी एका जर्मन जहाजाने त्यांना उचललं. इंग्लंडच्या फॅलमथ बंदरात उतरल्यावर डडलीने काहीही न लपवता सगळं सांगितलं. समुद्रात हे चालतंच, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. लोकांची सहानुभूतीही त्याच्याच बाजूने होती.

तरी डडली आणि स्टीफन्सवर खुनाचा खटला झाला. इथे कुणी वकील असतील तर त्यांनी हा खटला कायद्याच्या कॉलेजात शिकला असेल. न्यायमूर्ती लॉर्ड कोलरिज यांनी विचारलं की ही 'गरज' ठरवणार कोण? आणि सर्वांत लहान, सर्वांत अशक्त पोराला मारणं हे त्या मोठ्यांपैकी कुणाला मारण्यापेक्षा जास्त गरजेचं कसं? कप्तानाचं कर्तव्य तर आपल्या खलाशांप्रती असतं. फाशी सुनावली, मग ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. शिक्षा कमी झाली याचं मला दुःख नाही. उपासमारीने खंगलेल्या माणसाला फाशी देऊन काय साधणार? पण न्यायमूर्तींचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

तसंच 1820 चं 'एसेक्स'. देवमाशाने धडक देऊन बुडवलेलं जहाज. जवळच्या बेटांवर नरभक्षक असतील या भीतीने खलाशांनी लांबचा रस्ता धरला आणि त्याच रस्त्यावर आपल्याच साथीदारांना खाल्लं. यावर वेगळं व्याख्यान होईल, पण समोरून चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं.

तर विषयावर येतो, जरा भराभर. माझं म्हणणं असं की समुद्रात सर्वांत भयंकर गोष्ट करतो तो शुद्धीवर असलेला, कारणं देणारा माणूस. 'लाइफ ऑफ पाय' नेमकं हेच सांगते, आणि आपण ते वाघाच्या माथी मारून मोकळे होतो.

होडीतला वाघ बघा. त्याची हद्द ठरलेली आहे. पाय शिट्टी वाजवून, होडी हलवून, वाघाला मळमळायला लावून ती हद्द त्याला शिकवतो. पोटाला मासे मिळाले की तो गप्प पडतो. पायला खायचं ठरवून कोण येतं? दुसऱ्या होडीतला आंधळा फ्रेंच माणूस, तोही आधी गोड गप्पा मारून. त्याला वाघ मारतो, आणि पाय वाचतो. वाघाच्या धाकाने पायचे हात सतत कामात राहिले, घरच्यांची आठवण काढत खचायला सवड मिळाली नाही, हे तो स्वतः सांगतो. जगण्याची धडपड म्हणजे या पुस्तकात बहुतांशी काम आहे: गळ टाकणं, पाणी गाळणं, प्रार्थना.

आणि आचारी? तो खलाशाची मोडलेली तंगडी कापतो, तोही 'त्याचा जीव वाचवायचाय' म्हणून. पाय आणि त्याची आई खलाशाला धरून ठेवतात, कारण त्यांना ते पटलेलं असतं. नंतर तीच तंगडी गळाला आमिष म्हणून लागते. हा माणूस म्हणजे मिन्योनेटचाच वंशज.

आई मात्र बिरबलाच्या माकडिणीच्या अगदी उलटी. आचारी मुलाला मारतो तेव्हा ती त्याच्यावर हात उचलते, मुलाला तराफ्यावर पिटाळते आणि स्वतः मरते. हौद तोच, पाणी तेच, पण ती मुलाला पायाखाली घेत नाही.

पायबद्दल आक्षेप येणार, मला ठाऊक आहे. तो शाकाहारी. पहिला उडता मासा मारताना त्याचे हात चालत नाहीत, माशाचं डोकं पांघरुणात झाकून मान मोडतो आणि रडतो. पुढे डोराडो नावाचा मोठा मासा मारताना हात अडत नाही. एके दिवशी त्याच्या लक्षात येतं की आपण न चावता, भसाभसा, अगदी रिचर्ड पार्करसारखे खातोय. आणि दुसऱ्या गोष्टीत तो आचाऱ्याला मारून खातो. मग झालाच ना जनावर? नाही. कारण डडलीला जी सापडली ती सबब पाय कुठेही पुढे करत नाही. आचारी दुष्ट होता आणि त्याला माझ्यात दुष्टपणा भेटला, अशा अर्थाचं तो बोलतो. गरज होती, असं म्हणत नाही. पायच्या वडिलांनी प्राणिसंग्रहालयात 'इथला सर्वांत धोकादायक प्राणी कोणता?' असं भिंतीवर रंगवून पडद्यामागे आरसा ठेवलेला असतो, तो कशासाठी, हे इथे कळतं.

सिनेमात ही दुसरी गोष्ट पाय अंथरुणात बसून नुसती बोलून सांगतो, आपल्याला काही दिसत नाही, आणि वाघ मात्र डोळ्यांत भरून राहतो. म्हणून ज्यांनी फक्त सिनेमा पाहिलाय, त्यांनी पुस्तकाच्या शेवटची ती पानं एकदा वाचा आणि मग माझ्याशी भांडायला या. आता प्रश्न घेतो.