‘बरी दिसते’ म्हणून टक्का कमी

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. सूप, कात्री, तेंदूपत्ता.)

विड्या वळणाऱ्या आजीकडून पानं बिनचूक कापली जातात; तंबाखू भरायची मात्र राहून जाते. घरचे म्हणतात, वय झालं. एमआरआयमध्ये दोन खुणा सापडतात: स्मरणाचा भाग आक्रसलेला आणि बारीक रक्तवाहिन्या बंद पडून उठलेले डाग. अल्झायमर आणि बीपी-शुगरचं नुकसान एकत्र, म्हणजे मिश्र डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). पहिला उतारावरून घसरतो, दुसरा पायऱ्या उतरतो. महिनाभर ठीक, मग एका दिवसात कपड्यांचं भान जातं.

घोळ इथेच होतो. दिव्यांग दाखल्याच्या तपासणीच्या दिवशी आजी पदर नीट करते, नमस्कार करते, नाव सांगते. तेवढ्यावर दिव्यांगत्वाचा टक्का ठरला, की कमीच लागणार.

स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज भरताना दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ‘डिमेन्शिया’ शोधू नका. ‘मानसिक आजार’ निवडा. ‘बौद्धिक अक्षमता’ नव्हे, ती लहानपणापासूनची.

(दृश्य: सिव्हिलचा ओपीडी.)

मोजमाप ‘आयडियाज’ पद्धतीनं होतं. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, काम: प्रत्येकाला ० ते ४ गुण, अडचण जास्त तितके गुण जास्त. आजार किती वर्षांचा, त्याचे १ ते ४. वीसपैकी ७ झाले की योजनांसाठी लागणारी ४० टक्क्यांची रेषा गाठली. म्हणून सर्वांत जुना केसपेपर शोधा, औषधाची फाटकी चिठ्ठीसुद्धा. आणि दोन आठवड्यांची वही ठेवा. ‘विसरते’ हा शब्द तिथे कामाचा नाही. ‘अंघोळीचं पाणी काढून दिलं तरी तशीच बसते’, ‘रात्री दोनला गिरणीचा भोंगा झाला म्हणून निघते’, असं लिहा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. मराठी प्रश्न न कळणं वेगळं, प्रश्नच न कळणं वेगळं. उत्तरं मात्र तुम्ही पुढे होऊन देऊ नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक मुलगा करतो, मायेपोटीच.

दाखला मिळाला की तहसील कार्यालय. ६५ वर्षांपर्यंत संजय गांधी निराधार योजना, त्यापुढे श्रावणबाळ. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार. २०२५ मध्ये दिव्यांगांची मदत दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाली.

पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. विड्या वळून ठसे झिजलेले असतील, तर आधार केंद्रावर डोळ्यांची बुबुळं स्कॅन करायला सांगा, आणि आजीला सकाळीच न्या. संध्याकाळी ती खुर्चीत बसणार नाही.