एका फोटोमागच्या अनेक फ्रेम

श्रोतेहो, नमस्कार.

फोनवर बटण दाबलं की एक फोटो निघतो, असं आपण धरून चालतो. आजच्या बऱ्याच फोनमध्ये तसं होत नाही. कॅमेरा उघडल्यापासूनच फोन एकामागून एक फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, टिपत असतो आणि जुन्या पुसत असतो. बटण दाबताच त्यातल्या काही राखल्या जातात आणि त्या सगळ्यांमधून एक चित्र घडवलं जातं.

हा खटाटोप कशासाठी? ‘फुल फ्रेम’ म्हणवणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, फोनचा त्याच्या कित्येक पटींनी लहान. त्यावर प्रकाश कमी पडतो, आणि तोही सारखा पडत नाही. पावसाचे पहिले थेंब फरशीवर पडतात, तेव्हा एका चौकोनात चार तर शेजारच्यात सात पडतात ना, तसंच. म्हणून अंधारातला फोटो दाणेदार दिसतो. पण हे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात आणि समोरचं दृश्य तेच असतं. नऊ फ्रेमची सरासरी काढली, की दाणेदारपणा एक तृतीयांशावर येतो.

गूगलने २०१३ मध्ये नेक्सस ५ या फोनवर एचडीआर प्लस नावाचं तंत्र आणलं, ते याच हिशोबावर. त्यात फ्रेम मुद्दाम काळोख्या घेतात, म्हणजे उजळ आकाश पांढरं फटक पडत नाही. मग त्या एकमेकींवर बेतून बसवतात आणि सावल्या उजळतात. मधेच एखादं पान हललं, तर त्या फ्रेममधला न जुळणारा तुकडा बाजूला ठेवतात.

आता मला सगळ्यात भावणारा भाग. सेन्सरचा प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो: निम्मे ठिपके हिरवा, पाव लाल, पाव निळा. कोडॅकच्या ब्राइस बायर यांची ही रचना, १९७६ च्या पेटंटमधली. म्हणजे प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरावे लागतात, आणि बारीक तपशील तिथेच हरवतो. पण आपला हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. फ्रेमगणिक दृश्य ठिपक्याच्या अंशाने सरकतं आणि जी जागा आधी हिरव्या ठिपक्यावर होती, ती पुढच्या फ्रेममध्ये लाल ठिपक्यावर येते. अंदाजाच्या जागी खरी मोजणी मिळते! गूगलच्या २०१८ च्या पिक्सेल ३ या फोनमध्ये झूमसाठी हीच युक्ती वापरली. फोन ट्रायपॉडवर असेल, तर लेन्स आपणहून किंचित हलवली जाते. ज्या थरथरीला छायाचित्रकार इतकी वर्षं वैतागले, तिचाच असा उपयोग व्हावा, हे मला विलक्षण वाटतं.

अर्थात लेन्सनेच जे धूसर केलं, ते यातून फारसं परत येत नाही. तिथे दुसरा मार्ग येतो: लाखो चित्रांवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क. केस, गवत, विटा कशा दिसतात हे त्याला ठाऊक असतं, आणि ते तसा पोत भरतं. २०२३ मध्ये एकाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपलं, तर फोटोत खड्डे स्पष्ट उमटले. मूळ चित्रात ते दिसतच नव्हते. फोन चंद्र ओळखतो आणि तपशील वाढवतो, असं कंपनीनेही सांगितलं.

मोजलेला तपशील आणि भरलेला तपशील यांत मला मोठा फरक वाटतो. सहलीच्या फोटोत गवताचं पातं भरलेलं असलं, तर बिघडत नाही. पण दूरच्या पाटीवरची अक्षरं ठसठशीत दिसूनही चुकीची असू शकतात, आणि कुठला तपशील कुठला, हे फोन सांगत नाही. तो सांगायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तोवर एवढं करता येईल. रात्रीच्या मोडमध्ये बटण दाबल्यावर लगेच हात खाली घेऊ नका, कारण फ्रेम तेव्हाच गोळा होत असतात. आणि एखादा आकडा किंवा मजकूर पुरावा म्हणून टिपायचा असेल, तर झूम न करता जवळ जा, मुख्य लेन्सनेच फोटो घ्या, आणि आकडा डोळ्यांनी वाचून त्याच्याशी ताडून पाहा.